चामड्याची वादी

“पण फादर, कोरिया या शब्दाचा मूळ अर्थ काय?”

सिप्रियन कोरिया वही उघडून बसला होता. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाल्यावर तो वसईतल्या म्हाताऱ्या फादर तुस्कानोंकडे लॅटिन शिकायला येत असे. नव्या बंगल्याच्या फाटकावर त्याला संगमरवरी पाटी लावायची होती. आडनाव मूळ लॅटिन रूपात हवं होतं.

“कोरिजिया,” फादर म्हणाले. “चामड्याची वादी. चपलेचा बंद.”

सिप्रियनची पेन्सिल थांबली.

“दुसरा काही अर्थ…?”

“लगामही म्हणत.”

“लगाम! म्हणजे घोडेस्वारांचं घराणं!”

“वाद्या कापणाऱ्यालाही हेच नाव पडे.”

सिप्रियनने पेन्सिल वहीत ठेवली.

“काही असो. पूर्वजांचं नाव आहे.”

“तेही नाही. बाप्तिस्म्याला कुणी पोर्तुगीज धर्मपिता उभा राहिला असेल, त्याचं. तुझ्या पूर्वजाला मिळालं, त्याच्या भावालाही मिळालं.” फादरांनी चष्मा काढला. “बस्त्यावसुद्धा कोरियाच ना?”

सिप्रियनने मान खाली घातली.

बस्त्याव त्याचा सख्खा चुलतभाऊ. रविवारी बंगल्याला आशीर्वाद द्यायला फादर आले होते. मुंबईहून बँकेतले साहेब आले होते. बस्त्याव वाडीतून तसाच आला, पायांना चिखल, खांद्यावर केळ्यांचा घड.

“हे कोण?” एका साहेबांनी विचारलं होतं.

“आमचा गडी,” सिप्रियन म्हणाला होता.

बस्त्यावने घड पायरीवर हळूच टेकवला. जेवायला थांबला नाही.

“त्या दिवशी तुम्ही ऐकलंत, फादर?” सिप्रियनने खाली पाहतच विचारलं.

“मला हल्ली कमी ऐकू येतं. तरी ऐकलं.”

“त्याने… त्यानेही ऐकलं असेल?”

फादरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

सिप्रियनचे कान तापले. लहानपणी दोघे एका ताटात जेवले होते. सिप्रियनच्या बापाच्या आजारपणात त्याची वाडी बस्त्यावनेच शिंपली होती. हे सगळं त्याला रविवारीही ठाऊक होतं. ठाऊक असूनच तो तसं बोलला होता.

त्याने मूठ वळली आणि ‘माझा अपराध’ ही प्रार्थनेतली लॅटिन कबुली पुटपुटत छातीवर मारली.

“मेआ कुल्पा…”

पुन्हा मारली.

“मेआ कुल्पा…”

तिसऱ्या वेळी फादरांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याची पकड घट्ट होती.

“कुणाला सांगतोस?”

“देवाला.”

“बरं.”

पण मनगट सुटलं नाही.

सिप्रियनचे डोळे भरून आले. फादरांकडे पाहण्याचा त्याला धीर होईना.

“त्याच्यापुढे कोणत्या तोंडाने जाऊ, फादर? गेलो तर काय बोलू? शब्दच…”

फादरांनी हात सोडला. त्याची वही मिटली आणि स्वतःजवळ ठेवून घेतली.

“जा. बस्त्यावला लॅटिन येत नाही.”