कुलपातली किल्लेबंदी

फार पूर्वी, माणसांकडे दुपारी मोकळा वेळ असायचा त्या काळातली ही गोष्ट. एका मोठ्या पेठेत खेळ बनवून विकणारे एक शेटजी होते. भोवरे, सोंगट्या, गंजिफा, सगळं त्यांच्या दुकानात मिळे. पण त्यांचं नाव झालं ते एका खेळामुळे. त्या खेळाला म्हणत किल्लेबंदी.

कापडी पट, त्यावर डोंगर, एक नदी आणि दोन किल्ले. लाकडी हत्ती, घोडे, प्यादी आणि धान्याच्या गाड्या. आपला किल्ला राखायचा आणि समोरच्याचा घ्यायचा. हा काही घाईचा खेळ नव्हता. दुपारी मांडलेला डाव दिवेलागणीला मिटला, तर लवकर मिटला म्हणत. सुरुवातीला किल्लेबंदी घरोघरी गेली. पुढे लोकांना घुंगरांची भिंगरी आवडू लागली. भिंगरीचं बरं असतं, फिरवली की फिरते, डोकं लागत नाही. शेटजींनी भिंगऱ्यांचा कारखाना काढला आणि किल्लेबंदीला पार विसरून गेले.

जवळच्या एका गावात मात्र चौघं जण तिला विसरले नव्हते. एक म्हातारा हवालदार, एक कासारीण, एक न्हावी आणि देवळातला पुजारी. रोज दुपारी ते पारावर पट मांडत. हवालदाराच्या घरी बोलायला कुणी उरलं नव्हतं. त्याचा दिवस उजाडायचा तो त्या पटासाठीच. कासारीण बांगड्यांची पेटी शेजारी ठेवून खेळायची, आणि हवालदाराचा हत्ती मारताना तिला भारी आनंद व्हायचा. न्हावी गिऱ्हाइकाची दाढी अर्धी टाकून चाल करायला उठायचा. अर्ध्या दाढीचा माणूस रस्त्यात दिसला की आज डाव रंगलाय हे गावाला कळायचं.

त्यांची एक रीत होती. जो हरेल त्याने नियमात एक सुधारणा सुचवायची, आणि बाकीच्यांना पटली तर ती लागू करायची. जिंकणाऱ्याला कुणी विचारत नसे, कारण त्याला सगळं बरोबरच वाटतं. मूळ खेळात एक खोट राहून गेली होती. धान्याच्या गाडीला नदी ओलांडता येत नसे, त्यामुळे पलीकडच्या किल्ल्यातलं सैन्य दर डावाला उपाशी मरे. कासारीण ओळीने हरत गेली तेव्हा वैतागून तिने नदीत होडी घातली. तेव्हापासून डाव दोन्ही बाजूंना सारखा झाला. खोट सापडली आहे, उपायही सापडला आहे, फुकट घ्या, असे निरोप चौघांनी शेटजींना वरचेवर धाडले. शेटजींकडून हूं की चूं आलं नाही.

मग भिंगरीचे दिवस ओसरले. आता नवं काय विकावं या विवंचनेत शेटजी असताना त्यांच्या कानावर आलं, की त्या पारावरचा डाव बघायला आसपासच्या गावांतून माणसं जमतात. शेटजी गाडी जुंपून तडक पारावर आले. हवालदाराला मिठी मारली. तुम्ही माझे गिऱ्हाईक नाही, घरची माणसं आहात, असं म्हणाले. होडीचं तोंड भरून कौतुक केलं. नवी किल्लेबंदी काढतो, नमुन्यासाठी तेवढा हा जुना पट आणि सोंगट्या द्या, अशी गळ घातली. हवालदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं. त्याने आपल्या हातांनी पटाची घडी घालून दिली. बोकडाला गोंजारतात ते जत्रेच्या आदल्या दिवशी, असं न्हावी पुटपुटला, पण सगळ्यांनी त्याला गप्प केलं.

नवी किल्लेबंदी आली. शिसवी पेटी, मखमली पट, सोनेरी हत्ती. बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. फक्त पेटीला कुलूप होतं आणि चावी शेटजींच्या माणसाकडे होती. कुणी नक्कल करू नये म्हणून हा चावीवाला रोज पेठेतून येणार, पेटी उघडणार, डाव संपेपर्यंत समोर बसणार आणि कुलूप घालून जाणार. शिवाय होडी पेटीत नव्हतीच. ती वेगळी विकत घ्यायची होती.

"नदीत होडी मी घातली आणि विकत पण मीच घ्यायची?" कासारीण म्हणाली. तरी तिने घेतली. माया आंधळी असते.

चावीवाला मनाने चांगला होता, पण ओढ्याला पाणी चढलं की तो अलीकडे येत नसे. मग त्याच्या मेव्हण्याचं लग्न ठरलं, मग ते मोडलं, मग परत जुळलं, आणि तिन्ही वेळा त्याला जाणं भाग होतं. चौघं बिचारे बंद पेटीभोवती बसून राहत. पुजाऱ्याने एकदा सवयीने पेटीलाच फूल वाहिलं. चावीवाला यायचा त्या दिवशी आधी नुसत्या जांभया द्यायचा, पण हळूहळू त्यालाही डावाची गोडी लागली. तो हवालदाराला चाली सुचवू लागला. हवालदार त्या ऐकून आणखी हरू लागला.

बाकी गावांतल्या लोकांनी कुलपाला कंटाळून खेळ केव्हाच सोडला होता. इकडे शेटजींच्या लक्षात आलं की चार टाळक्यांपायी एक माणूस रोज अडकून पडतो. त्यांनी चावीवाल्याला परत बोलावून घेतलं, चावीसकट. पेटी पारावर तशीच बंद राहिली, आणि हवालदार घराबाहेर पडेनासा झाला. जेवण तसंच झाकून ठेवी, कुणाशी बोलत नसे. कासारिणीला ते बघवेना. तिने त्याला हाताला धरून उठवलं, न्हाव्याला आणि पुजाऱ्याला बरोबर घेतलं आणि चौघं पेठेत गेले.

"शेटजी, माणूस नका पाठवू. चावी तेवढी आमच्याकडे द्या," ती म्हणाली.

"एकदा चावी दिली की उद्या सगळेच मागतील."

"सगळे कोण? चौघंच उरलेत म्हणून तर तुम्ही माणूस काढून घेतलात."

चावी शेटजींच्या कमरेलाच लटकत होती. दिली असती तर त्यांचं काही जाणार नव्हतं, आणि ठेवून काही मिळणार नव्हतं. पण काही मालकांना आपली वस्तू धूळ खात पडलेली चालते, दुसऱ्याच्या हाती गेलेली चालत नाही.

"खेळ माझा आहे. काय करायचं ते मी ठरवीन," शेटजी म्हणाले.

हवालदाराने हळूच विचारलं, "मग आमचा जुना पट तरी?"

तो वखारीत कुठेतरी पडला असेल, उंदरांनी ठेवला असेल तर, असं शेटजींनी सांगितलं, आणि आठवण म्हणून प्रत्येकाच्या हातात एकेक भिंगरी ठेवली. परतीच्या वाटेवर गरज सरो वैद्य मरो, एवढं म्हणून न्हाव्याने आपली भिंगरी ओढ्यात भिरकावली.

दुसऱ्या दिवशी कासारिणीने कोळसा घेतला आणि पाराच्या दगडावरच पट आखला. हत्तींच्या जागी सुपाऱ्या, घोड्यांच्या जागी चिंचोके, होडीच्या जागी फुटक्या बांगडीचा तुकडा. नियम सगळ्यांना पाठ होते, फक्त प्रत्येकाला वेगळे पाठ होते, त्यामुळे आधी यथेच्छ भांडण झालं. कुणी हक्क सांगायला येऊ नये म्हणून खेळाचं नावही बदललं. हा झाला वेढा. पहिल्याच डावात हवालदार सपाटून हरला आणि लहान मुलासारखा हसला. बघणारी माणसं घरी गेली आणि त्यांनी आपापल्या ओसरीवर पट आखले. त्याला ना पेटी लागत होती ना परवानगी. काही दिवसांनी चावीवाला नोकरी सोडून पारावर आला आणि खाली मान घालून उभा राहिला. हवालदाराला चाली सुचवायच्या नाहीत या अटीवर त्याला बसू दिलं.

पुढे मोठी जत्रा भरली. शेटजींनी तिथे महाकिल्लेबंदी आणली. पेटी आणखी मोठी, हत्तींच्या सोंडाही हलणाऱ्या. या खेळात त्यांनी सगळी पुंजी ओतली होती. एका कुंभारणीने पेटी उचलली, हत्ती पाहिला आणि तिचा चेहरा खुलला.

"देखणी आहे हो," ती म्हणाली. "पण चावी कुणाकडे राहणार?"

"माझ्याकडे. तुम्हाला काही काळजी नको."

तिने पेटी जपून होती तिथे ठेवून दिली. तिच्या मागच्यानेही तेच विचारलं, त्याच्या मागच्यानेही. पारावरची हकिगत पंचक्रोशीत पोचली होती. शेवटी शेटजी घाम पुसत, जत्रेला आलेल्या हवालदाराला शोधत आले आणि म्हणाले, की तुमचं लोक ऐकतात, तेवढं दोन शब्द सांगा, खेळ चांगला आहे म्हणून.

हवालदाराला त्यांची खरंच कीव आली. तो म्हणाला, "शेटजी, खेळ चांगलाच आहे. आम्ही तुमच्या खेळाला कधी वाईट म्हटलं नाही. पण लोक खेळाबद्दल विचारत नाहीत, तुमच्याबद्दल विचारतायत. तिथं मी काय सांगू?"

शेटजी आल्या पावली वळले. ते आपल्या दुकानात जाऊन बसले. जत्रा उठेपर्यंत सगळ्या पेट्या त्यांच्याच होत्या, सगळ्या चाव्याही त्यांच्याच होत्या, आणि समोर डाव मांडायला कुणीही नव्हतं.

तात्पर्य, पटलं तर घ्या: पेटीत असतो तोवर खेळ बनवणाऱ्याचा असतो, मांडला की तो खेळणाऱ्यांचा होतो. मूठभर माणसांची माया जो मोजत नाही, त्याच्यावर उद्या गावभर माणसं विश्वास ठेवत नाहीत.