दिगंबररावांच्या मागं

"अजून किती वेळ, उस्ताद?"

केतकीनं तिसऱ्यांदा विचारलं. उस्तादांनी तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं.

"त्यांचा दम परत येईस्तोवर."

वाटेच्या मधोमध एका दगडावर दिगंबरराव बसले होते. हेल्मेट मांडीवर, तोंड लालबुंद. त्यांची नवीकोरी सायकल शेजारी गवतात आडवी पडली होती.

"त्यांचा दम कराडातच राहिलाय," केतकी म्हणाली.

उस्ताद हसले नाहीत. रागावलेही नाहीत.

बाबूमियाँ शिकलगारांना साताऱ्यात सगळे उस्तादच म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी सायकली दुरुस्त केल्या आणि तेवढीच वर्षं त्या डोंगरात चालवल्या. शर्यतीत नाव काढलेली कितीतरी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. फलटणची केतकी भोईटे त्यांच्याकडे आली ती उन्हाळ्यात. चढावर तिला गाठणारं राज्यात कुणी नव्हतं, पण उतारावर ती पडायची. एका वर्षात दोन शर्यती तिनं अशाच घालवल्या होत्या. दुसऱ्या वेळी तर खांद्याचं हाडही मोडलं.

"मला उतार शिकवा," ती म्हणाली होती.

तीन महिने उस्तादांनी काहीच शिकवलं नाही. मग एके दिवशी म्हणाले, "रविवारी ये. पाटणच्या बाजूला एक डोंगर हाय. पाच जण जाऊ."

"मी पुढे राहू?"

"मागं. दिगंबररावांच्या मागं."

दिगंबरराव करंदीकर कराडचे, अठ्ठावन्न वर्षांचे. शाळेतल्या क्लार्कच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल चालवायला सांगितली, म्हणून त्यांनी डोंगरावर चालणारी सायकल घेतली. जास्त मजबूत असेल, अशी त्यांची समजूत. बाकीचे दोघे थोरात बंधू, रणजित आणि अभिजित, कॉलेजात शिकवणारे. ते उस्तादांच्या पाठोपाठ गप्प चालवायचे.

सकाळी सातला पायथ्याच्या वाडीतून निघाले, तेव्हा केतकीनं विचारलं होतं, "वर किती वाटा आहेत?"

"ठाव नाही," उस्ताद म्हणाले.

"म्हणजे?"

"मी कधी आलोच नाही हिकडं."

केतकी त्यांच्याकडे बघतच राहिली होती.

आता दिगंबरराव उठले. सायकल उभी केली. वीस पावलं ढकलली, मग बसले सीटवर, चार पेडलं मारली... आणि चेन पडली.

केतकीनं डोळे मिटले.

"सॉरी हं, केतकीताई."

"असू दे."

तिनं चेन बसवून दिली. बोटं काळी झाली. पुढच्या वळणावर चेन पुन्हा पडली. त्याच्या पुढच्या वळणावर दिगंबरराव स्वतःच पडले.

पहिल्या तासातच केतकीनं हँडलवरचं यंत्र बंद करून टाकलं. रोजचा वेग, रोजचं अंतर, रोजची वाट ते नोंदवून ठेवायचं. आजचा वेग नोंदला गेला असता, तर वर्षभराची सरासरी धुळीला मिळाली असती.

कारवीच्या रानात वाट अरुंद झाली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल घळ. तिथे दिगंबरराव पुन्हा बसले. पाणी प्यायले. बाटलीचं झाकण लावलं. मग टाचेवरून मोजा खाली ओढून ते फोड बघू लागले.

"उठा ना, काका!"

केतकी इतक्या जोरात ओरडली, की घळीपलीकडच्या कड्यानं तेच शब्द तिला परत दिले. उठा ना, काका...

दिगंबरराव घाईघाईनं उठले. केतकीला स्वतःचाच राग आला, आणि लगेच तो पुन्हा त्यांच्यावर गेला.

सड्यावर पोचायला बारा वाजले. वर सपाट काळा कातळ, खळग्यांत साठलेलं पाणी आणि जिकडेतिकडे फुलं. थोरात बंधूंनी डबे उघडले. दिगंबररावांनी दशम्या आणल्या होत्या. त्यांनी पहिली केतकीला दिली. तिनं घेतली, पण त्यांच्याकडे न बघता.

जेवण होईपर्यंत धुकं आलं.

आधी समोरची टेकडी गेली. मग कातळाची कड गेली. मग दहा पावलांवरची सायकल गेली.

"उतरू या," रणजित थोरात म्हणाला. "केतकी, तुझ्या यंत्रात आलेली वाट असेल ना?"

केतकीनं यंत्रावरचं पाणी पुसलं.

"असेल ना?"

"बंद केलं होतं."

"का?"

बाकीच्यांच्या फोनला रेंज नव्हती. वर येताना कुणीच काही नोंदवलं नव्हतं. केतकीकडे आहे म्हटल्यावर कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं होतं.

"मला आठवतंय," ती म्हणाली. "माझ्या मागून या."

सड्यावर गुरांच्या पायवाटा चहूकडे फुटलेल्या असतात. त्यातली एक तिनं धरली. वाट खाली उतरत होती, म्हणजे बरोबरच असणार. सकाळपासून अडवून धरलेले तिचे पाय सुटले. ती वेगात निघाली. मागून अभिजितची हाक आली, "जरा हळू!" तिनं ऐकली आणि सोडून दिली.

मग पुढचा रंग बदलला. काळ्या कातळानंतर एकदम पांढरं.

तिनं दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक आडवं फिरलं. ती सायकलसकट घसरत गेली आणि थांबली.

पुढच्या चाकाखालून एक दगड सुटला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही... मग आला. फार खालून.

"अभिजित, थांब!" ती ओरडली. "थांबा सगळे! इकडे येऊ नका!"

अभिजितनं सायकल बाजूच्या झुडपात घातली. कोपरं सोलली, पण थांबला.

केतकी कड्यापासून गुडघ्यांवर रांगत मागे आली. उस्ताद धुक्यातून पुढे येताच तिचा बांध फुटला.

"तुम्हाला वाट माहीत नाही! आणायचंच कशाला मग? मला उतार शिकवतो म्हणालात आणि काय दिलंत? एक माणूस दिलात, ज्याला सायकल धड धरता येत नाही! सकाळी सातपासून मी दुसरं काहीही केलेलं नाही. फक्त ह्यांची वाट बघतेय!"

दिगंबरराव चार पावलांवर होते. त्यांनी मान खाली घातली.

उस्तादांनी सायकल कातळावर आडवी ठेवली आणि खाली बसले.

"पाच तास बघितलीस?"

"हो!"

"मग सांग की. कशी हाय वाट?"

केतकी सांगायला गेली.

तिनं आठवायचा प्रयत्न केला. डोळ्यांपुढे आलं ते दिगंबररावांचं मागचं चाक, आणि पडलेली चेन. दुसरं काही आलंच नाही.

धुकं कपड्यांवर पाणी होऊन बसत होतं.

"मी सांगितलं तर चालेल का?" दिगंबररावांनी विचारलं.

सगळ्यांनी मान वळवली.

"आपण सड्यावर आलो तिथे दोन खळगे होते, जोडीनं. एकात निळी फुलं, एकात नुसतं पाणी. त्याच्या खाली उंबर. उंबरापाशी मी बसलो होतो. मग एक मोठा दगड, त्याला वारुळ टेकलेलं. तिथेही बसलो होतो. मग कारवी." ते थांबले. "दम खाताना माणूस दुसरं करणार काय? बघत बसतो."

उस्ताद उठले. "चला, दिगंबरराव. व्हा पुढं."

"मी?"

"मग कोण?"

दिगंबरराव पुढे झाले. सायकल हातात धरून, चालत. त्यांच्या मागे केतकी.

तासभर त्यांनी जोडीचे खळगे शोधले. दिगंबरराव प्रत्येक डबक्यापाशी वाकायचे, फुलं बघायचे आणि "हे नव्हे" म्हणायचे. केतकी दात आवळून उभी राहायची. त्यांना घाई माहीतच नव्हती. तिसऱ्यांदा "हे नव्हे" झाल्यावर तिनं हेल्मेट काढून कातळावर आपटलं. दिगंबरराव दचकले, सॉरी म्हणाले आणि पुढच्या डबक्यापाशी वाकले.

खळगे सापडले. उंबरही सापडला. दगड आणि वारुळ शोधायला अर्धा तास गेला. वाट तीव्र होती आणि शेवाळलेली. एरवी असा उतार दिसला की केतकी सायकल सुसाट सोडायची. आज पुढे दिगंबरराव होते. जायला जागाच नव्हती.

कारवीत शिरले आणि दिगंबरराव थबकले.

वाटेला दोन फाटे होते.

"चढताना हा दुसरा फाटा दिसलाच नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "मागून येऊन मिळालेला असणार. मला... मला खरंच आठवत नाही."

रणजितनं घड्याळ बघितलं. साडेतीन. धुकं तसंच होतं. एक फाटा खाली नेत असेल, दुसरा घळीत. पाचही जण उभे राहिले.

केतकीनं उस्तादांकडे बघितलं. उस्ताद बोटानं आपल्या चाकातली माती काढत होते.

"काका," ती हळू म्हणाली, "मी तुमच्यावर ओरडले होते. आठवतं?"

"असू दे हो, केतकीताई. तेव्हाचं तेव्हा..."

"नाही, तसं नाही. कुठे ओरडले होते? आजूबाजूला काय होतं?"

दिगंबरराव विचारात पडले. "वाट घळीच्या कडेनं होती. मी डोंगराला पाठ लावून बसलो होतो. आणि आवाज समोरून परत आला होता."

केतकी पहिल्या फाट्यावर पंधरा पावलं आत गेली. छातीत हवा भरली.

"उठा ना, काका!"

धुक्यात शब्द विरून गेले.

ती मागे आली. दुसऱ्या फाट्यावर तेवढीच पावलं गेली. घसा सकाळचाच बसलेला होता.

"उठा ना, काका!"

क्षणभर काही नाही. मग पलीकडून, स्वच्छ... उठा ना, काका.

थोरात बंधू हसले. दिगंबररावही हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा पुसला. केतकीला हसू आलं नाही. ती त्यांच्यापाशी आली. त्यांची सायकल डाव्या हातात घेतली, स्वतःची उजव्या हातात.

"तुम्ही नुसते चाला," ती म्हणाली. "आणि दम लागला की बसा. सांगत जाऊ नका मला, बसा."

ते सहा वेळा बसले. तीही सहा वेळा उभी राहिली. दोन सायकली धरून हाताला रग लागली होती. चौथ्या वेळी तिला पुन्हा ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी तिनं आजूबाजूला बघितलं. एका फांदीला कुणीतरी जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. सकाळी ती दिसली नव्हती.

वाडीत पोचले, तेव्हा सव्वापाच झाले होते. खाली धुकं नव्हतं. मारुतीच्या पारावर दिगंबररावांनी बूट काढले. टाचा रक्ताळल्या होत्या. वाडीतल्या एका बाईनं हळद आणि खोबरेल आणून दिलं. ते त्यांनी संकोचानं घेतलं, आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "पुढच्या रविवारी मी काही येत नाही. तुम्हा सगळ्यांना फार ताप झाला."

उस्ताद सायकल घेऊन नळाकडे निघाले.

"या," केतकी म्हणाली. स्वर अजून चिडकाच होता. "चेन मी नीट करून ठेवते. तुमचा गिअर सेट केलेला नाही, म्हणून पडते ती."

मग ती उस्तादांकडे गेली. ते टाकीच्या नळावर चाकं धूत होते.

"एक सांगाल? खरं खरं?"

"विचार."

"धुकं येणार, हे माहीत होतं तुम्हाला?"

"नाही."

"काकांना वाट आठवेल, हे?"

"नाही."

"मग आपण मेलो असतो, उस्ताद! चाळीस वर्षं डोंगरात हिंडता तुम्ही. वाट माहीत नसताना चार माणसं घेऊन कुणी वर जातं का?"

उस्तादांनी नळ बंद केला. ओले हात सदऱ्याला पुसले.

"वाट ठाव असती," ते म्हणाले, "तर एकटाच गेलो असतो."