सानू भूमकाचा मुंडा

"...पण बाबा, जंगलाशी एकरूप व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं?"

"तिकीट काढायचं," सानू भूमका म्हणाला. "दोन काढ. मलाही आत जायचंय."

पराग धारप हसला. पुण्यात तो निसर्गसाधनेची शिबिरं घ्यायचा. या म्हाताऱ्या कोरकू वैद्याला त्याने कालच गुरू केलं होतं. गुरूला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

सानूचं गाव व्याघ्र प्रकल्पाच्या या फाटकाच्या आत होतं. वाघासाठी ते उठवलं आणि माणसं बाहेरच्या माळावर आणून टाकली. तिथल्या बोअरच्या पाण्याने सानूच्या बायकोची, फुलयची, मूत्रपिंडं गेली, मग तीही. सानू ज्यांच्या सालीचा काढा देई, ती झाडं आत राहिली. वाघ ती साल खात नाही. पण नियम तो नियम.

आता फुलयचा मुंडा रोवायचा राहिला होता. कोरकू लोक मेलेल्या माणसासाठी सागाची फळी कोरतात. वर चंद्रसूर्य, खाली घोडेस्वार. तोच मुंडा. तो कुळाच्या मुंड्यांजवळ पोचेपर्यंत मेलेला माणूस घरी पोचत नाही. सानूने जुन्या घराच्या चौकटीचं लाकूड कोरलं. कुळाची जागा मात्र आत, जुन्या शाळेमागच्या मोहाखाली. त्याने परवानगी मागितली. जंगलातून लाकूड बाहेर नेणं गुन्हा, हे त्याला ठाऊक होतं. आत नेणंही गुन्हा निघाला.

म्हणून मुंडा घोंगडीत गुंडाळला. पर्यटकाची घोंगडी आत जाताना कोणी तपासत नाही. गुरुशिष्य जिप्सीत बसले.

वाटेत शिष्याने गुरूला जंगलाविषयी बरीच माहिती दिली. गुरू खोकत ऐकत राहिला.

शाळा आली. दाराला सरकारी कुलूप. पकडलेलं लाकूड आता तिथे ठेवत. मागे मोह, मोहाखाली कुळाचे मुंडे.

"थांबव," सानू म्हणाला. "एवढं रोवून येतो."

चालकाने गाडी थांबवून परागकडे पाहिलं. साहेब तक्रार करणार नसतील, तर त्यालाही काही दिसलं नसतं.

"खाली उतरायचं नसतं, बाबा," पराग हळुवारपणे म्हणाला. "जंगलाची शांतता भंगते. तुम्हाला मी काय सांगणार..."

"सांगितलंस की."

गाडी पुढे गेली.

वाघ दिसला नाही. वाघ न दिसणं हीसुद्धा एक साधनाच, असं पराग म्हणाला.

फाटक जवळ आलं. सानूने घोंगडी सोडली, मुंडा मांडीवर उभा धरला. चंद्रसूर्य फाटकाकडे.

"झाका ते, बाबा. पकडतील..."

सानूने घोंगडी स्वतःच्या अंगावर घेतली.

गार्डने शिट्टी फुंकली. साग, आणि जंगलातून बाहेर. मघाशी आपणच आत नेला होता, हे सांगावं तर दुसरा गुन्हा. पंचनामा झाला. पंच म्हणून परागने इंग्रजीत सही केली.

"शाळेत टाका," गार्ड म्हणाला. "केसचा निकाल लागेपर्यंत तिथून हलणार नाही."

"कधी लागतो निकाल?" सानूने विचारलं.

"अजून कुठलाच लागलेला नाही."

मुंडा घेऊन गाडी आत वळली. सानूने तिला हात जोडले.

पराग पाया पडला. "बाबा, त्यांचं घरी जाणं राहिलं... माझ्यामुळे."

"राहिलं कुठं? पोचली ती."

सानू बराच वेळ खोकत राहिला...

"माणसाला आत राहू देत नाहीत. मुद्देमालाला देतात."