आडव्या काठीचा पूल

समोर दिसतो तो रेल्वेचा जुना पूल. रूळ काढून नेले, तारा उतरवल्या, विजेच्या खांबांचे नुसते बुंधे राहिले. गाड्या आता पलीकडच्या बोगद्यातून जातात. तुमच्यासारखे पाहुणे येतात, कठड्याला टेकून फोटो काढतात आणि पूल कोणी बांधला ते विचारतात. ते मला माहीत नाही. त्याला आडव्या काठीचा पूल का म्हणतात, तेवढं सांगतो.

आमचा भैरोबा दरीच्या पलीकडे. चैत्रात त्याची काठी गावातून निघते. चांगला उंच वेळू, वर पितळेचा कळस. सकाळी तिला नदीवर आंघोळ घालतात, कापड गुंडाळतात आणि वाजतगाजत देवळात नेतात. वाटेत ती आडवी झाली तर गावावर कोप होतो, असं पूर्वी मानत. तेव्हाची वाट ओढ्यातून होती. ती पुलाच्या भरावाखाली गेली आणि काठी पुलावरून जाऊ लागली. वाफेच्या इंजिनांच्या काळात काही अडलं नाही. मग घाटात वीज आली, रुळांवर तारा आल्या. तारेच्या जवळही जाऊ नका, असं रेल्वेच्या माणसांनी गावात येऊन बजावलं होतं म्हणे. लोकांनी माना डोलावल्या. देवाच्या काठीला वीज काय करणार, असंच सगळ्यांच्या मनात होतं.

त्या वर्षी काठीचा मान तनूबाईच्या थोरल्या मुलाकडे, भिकोबाकडे होता. काठी पुलावर तारेखाली आली, तेव्हा कापड अजून ओलं होतं. मोठा आवाज झाला आणि भिकोबा पडला. एवढंच सांगतात. जत्रेचं जेवण भांड्यांत तसंच राहिलं. तनूबाई रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने जनावरांना पाणी दाखवलं, भाकऱ्या थापल्या, त्याच्या वाटणीच्याही थापल्या. वर्षभर ती अशीच होती. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायची, आपणहून बोलायची नाही.

पुढच्या चैत्रात मान धाकट्याकडे, हैबतीकडे आला. भिकोबाचंच काहीतरी सोवळं मोडलं असेल, काठी उभीच जायची, असं गुरवाने सांगून टाकलं. हैबती तयार होता. गावात एकानेही नको म्हटलं नाही. याचा मला अजून राग येतो. काठी पुलाशी आली, तर तोंडाशी तनूबाई उभी.

"आडवी करा," ती म्हणाली. "देव आडवा झाला तरी उठंल. माझं पोर उठलं न्हाई."

गुरवाने कोपाची भीती घातली. कोप माझ्या अंगावर घेते, म्हणाली, आणि जागची हलली नाही. ढोल थांबले. शेवटी हैबतीनेच काठी खाली घेतली. दोघांनी ती खांद्यावरून पलीकडे नेली आणि तिथे उभी केली. काठी धरून उभा असलेला हैबती दिसला, तेव्हा तनूबाई मटकन खाली बसली आणि रडली. वर्षात पहिल्यांदा, असं सांगतात. कोप झाल्याचं मात्र कोणी सांगत नाही.

आजही काठी या पुलावरून आडवीच जाते. आता तार नाही, उभी न्यायला काय हरकत आहे, असं मध्यंतरी तरुण मंडळी म्हणू लागली होती. बायकांनी ऐकून घेतलं नाही. पलीकडे पोचल्यावर काठी लगेच उचलत नाहीत. मानकऱ्याची आई पुढे येते आणि आधी पोराला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेते. तिचं बघून झालं, की मग देव उठतो.