खुंटीवरची माळ

"दारूनं मेलेल्या माणसाच्या दहाव्याला मी प्रवचन कसं करू, बाबा? तुम्हीच सांगा."

दामोदरबुवांनी हा प्रश्न मठाच्या ओसरीवर टेकायच्या आधीच विचारला. पायांतल्या वहाणाही अजून निघाल्या नव्हत्या. हैबतीबाबांनी एकदा त्या पायांकडे पाहिलं, तेव्हा कुठं बुवांनी त्या काढल्या आणि वाकून नमस्कार केला.

"पाणी घे आधी."

बाबांनी माठातून तांब्या भरला. नव्वदीला टेकलेला हात थरथरला आणि निम्मं पाणी बुवांच्या धुवट उपरण्यावर सांडलं. "असू द्या, असू द्या," म्हणत बुवांनी उपरणं झटकलं आणि तांब्यात उरलं होतं तेवढं पाणी ते प्यायले.

बुवांचं नाव आता मोठं झालं होतं. चार जिल्ह्यांत कुठंही सप्ताह बसला की एक दिवस दामोदरबुवांचा, हे ठरलेलं. नदीकाठच्या ह्याच मठात ते कीर्तन शिकले, पण इकडं फिरकून आता दोन वर्षं झाली होती. मोठ्या माणसाला सवड मिळत नाही हे खरंच आहे, आणि त्याला ती नको असते हेही तितकंच खरं आहे.

"कोण गेलं?" बाबांनी विचारलं.

"रखमाजी."

"हां..."

बाबांना ते आधीच ठाऊक होतं, हे त्या एका हुंकारावरून बुवांना कळलं.

रखमाजी म्हणजे बुवांचा मृदंगी. बावीस वर्षं तो त्यांच्या पाठीशी मृदंग गळ्यात अडकवून उभा राहिला होता. बुवांचा आवाज बसला तर तो हात वाढवायचा, आणि बुवा रंगात आले की हात आवरता घ्यायचा. चार महिन्यांपूर्वी बुवांनी भर कीर्तनातून त्याला हाकललं. तिथून तो लेकीच्या गावी गेला, कावीळ झाली आणि आठ दिवसांपूर्वी संपला.

"त्याच्या लेकीचा, कौसाचा निरोप आलाय," बुवा म्हणाले. "परवा दहावा आहे. म्हणते, अण्णा शेवटी सांगून गेले, दहाव्याला बुवांनीच उभं राहावं."

"मग?"

"मग काय, बाबा? गावोगाव मी व्यसनमुक्ती सांगत फिरतो. दारुड्याच्या नावानं उभा राहिलो तर लोक म्हणतील, बुवाचं सांगणं एक आणि वागणं भलतंच."

"लोक म्हणतील?"

"म्हणणारच."

बाबा भिंतीला टेकून बसले. बुवांना वाटलं, आता हे म्हणतील, जाऊ नकोस. तेवढंच ऐकायला ते सकाळच्या एसटीनं इतक्या लांब आले होते. गुरूची आज्ञा झाली की कौसाला तोंड दाखवायचीही गरज नव्हती.

"दारू पिणारा माणूस वाईट असतो, असं तुझं म्हणणं."

"वाईटच की. घर जाळतो, बायकोला मारतो..."

"रखमाजीनं मारलं बायकोला?"

"मारलं नसेल. पण तिनं सोसलंच ना?"

"सोसलं," बाबा लगेच म्हणाले. "लई सोसलं त्या माउलीनं. याच ओसरीवर बसून रडलीय ती. दारू चांगली म्हणायला मी नाही बसलो इथं. मी माणसाचं विचारतोय."

बुवांनी ओलं उपरणं मांडीवर पसरलं.

"का पीत होता रे तो?"

"ते... कधी विषय निघाला नाही."

"बावीस वर्षांत?"

बुवांनी नकारार्थी मान हलवली.

"मीबी नाही विचारलं," बाबा म्हणाले. "हात गोड होता त्याचा. आपण हात ऐकला."

ओसरीच्या मधल्या खांबाला एक लाकडी खुंटी होती. तिच्यावर तुळशीची माळ लटकत होती. मणी जुने होते, घामानं काळे पडलेले. बुवांनी माळ पाहिली आणि नजर काढून घेतली. ओळखीची वाटली खरी, पण माळा काय, सगळ्या सारख्याच.

"त्या दिवशी काय झालं, सांग."

"ऐकलंच असेल तुम्ही."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

बुवांनी मांडी सावरली. ही कथा त्यांनी त्यानंतर कितीतरी गावांत दृष्टांत म्हणून सांगितली होती, आणि प्रत्येक ठिकाणी टाळ्या पडल्या होत्या. तेव्हा सुरुवात जोरात झाली.

"सप्ताहाचा सहावा दिवस होता, बाबा. काल्याचं कीर्तनही माझंच होतं. पाच हजार माणूस. यजमानांनीच विषय दिला होता, व्यसनमुक्तीवर बोला म्हणून. मी अभंग लावला आणि मागं बघतो तर रखमाजीचा गळा मोकळा! माळ नाही."

हे मात्र सांगायला हवं. रखमाजी माळकरी होता आणि पीतही होता. माळ घातलेल्यानं दारूला शिवायचं नसतं, हे त्यालाही माहीत होतं. म्हणून त्यानं आपल्यापुरता एक रिवाज पाडला होता. प्यायला जायचं झालं की गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवायची, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, कान धरून पुन्हा घालायची. टाळकरी त्याची चेष्टा करायचे, "माळ खुंटीवर, रखमाजी गुत्त्यावर." बुवाही हसायचे. संध्याकाळचं कीर्तन नीट पार पडलं की झालं, रात्री कोण काय करतो ते देव पाहून घेईल, असा एकूण कारभार होता.

"गळा मोकळा म्हणजे पिलेला," बाबा म्हणाले.

"तसंच ना! आणि नुसतं तेवढंच नाही. हात थरथर कापत होता. बावीस वर्षांत कधी सम चुकली नाही, ती त्या दिवशी दोनदा चुकली. घामानं निथळत होता. मग मी कीर्तन थांबवलं."

"अन्?"

"म्हणालो, 'रखमाजी, माळ कुठं आहे?' तो खाली बघत राहिला. मी म्हणालो, 'लोकहो, बघा! ज्याच्या गळ्यात मृदंग आहे पण माळ नाही, त्यानं या व्यासपीठावर उभं राहावं का?' लोक ओरडले, 'नाही!' मी म्हणालो, 'मग उतर खाली.'"

"उतरला?"

"उतरला."

"कसा?"

हा प्रश्न त्यांना कुठल्या गावात कुणी विचारला नव्हता. बुवांचा आवाज खाली आला.

"मृदंग गळ्यातून काढला. डाव्या पुडीला लावलेली कणीक बोटानं खरवडून काढली... ती कपाळाला लावली. मग मृदंग हळूच सतरंजीवर ठेवला, आणि गेला."

"पुढं?"

"टाळ्या झाल्या. यजमानांनी उठून मला हार घातला."

"यजमान कोण होते?"

बुवांनी घसा खाकरला. "बापूसाहेब."

"धंदा काय त्यांचा?"

बाबांना हेही ठाऊक होतं. त्या पंचक्रोशीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. एसटी स्टँडसमोरचं देशी दारूचं दुकान बापूसाहेबांचं होतं आणि रखमाजी बावीस वर्षं त्याच दुकानात जात होता.

"बाबा, ते स्वतः थेंबाला शिवत नाहीत. माळकरी आहेत."

"हां. त्यांची माळ गळ्यातच असते."

चेष्टेत म्हणावं तसं बाबा म्हणाले नाहीत. बुवांचा हात मात्र उगाच उपरण्याच्या टोकाशी चाळा करू लागला. तो हार त्यांनी मान खाली करून घेतला होता आणि घरी नेऊन देवाला वाहिला होता.

"जवळ गेला होतास का त्याच्या?"

"कधी?"

"उतर म्हणायच्या आधी. तोंडाला वास येतो का, बघितलंस?"

"वास... तिथं धूप होता, बुक्का होता. आणि एवढ्या लोकांसमोर मी त्याचं तोंड हुंगू का?"

"तेबी खरंच. तोंड हुंगलं असतंस तर लाज तुला वाटली असती."

बाबांनी पुन्हा तांब्या उचलला. पाणी डुचमळलं, काठावरून त्यांच्या मनगटावर ओघळलं. त्यांनी तो तसाच बुवांसमोर धरला, खाली ठेवला नाही. तांब्या थरथरत राहिला.

"मी पिलोय का रे?"

"काय बोलता, बाबा!"

"हात कापतोय की."

"ते वय झालं म्हणून..."

"वयानं कापतो. पिऊन कापतो. अन् वीस-बावीस वर्षं पिणाऱ्यानं एकाएकी सोडली, तरीबी कापतो. घाम फुटतो. झोप येत नाही. इथं ह्या ओसरीवर लोळायचा रे तो, दातखीळ बसल्यागत..."

बुवांना आधी उमगलंच नाही. मग त्यांची नजर आपोआप खांबाकडे गेली.

"ती त्याची आहे?"

"त्याचीच. सप्ताहाच्या आधी दोन आठवडे आला. म्हणला, बाबा, अशी काढ-घाल किती दिवस करू? आता ही तुमच्याजवळ राहू द्या. एकवीस दिवस शिवलो नाही, तर तुमच्या हातानं घाला. मधी शिवलो, तर नदीत टाका."

"आणि... शिवला नव्हता?"

"तू उतरवलास तो एकोणिसावा दिवस."

नदीच्या अंगानं वारा आला. माळ खुंटीवर किंचित हलली.

"मला का नाही सांगितलं त्यानं?" बुवांचा आवाज फुटला. "तिथल्या तिथं बोलायचं! म्हणायचं, मी पिलेलो नाही!"

"मी म्हणलं होतं त्याला, बुवाला सांगून ठेव. तर लाजला. म्हणला, नको, काल्याच्या दिवशी गळ्यात दिसेल, तेव्हा बुवा खूश होतील."

बुवांनी उपरणं तोंडाला लावलं. पाच हजार माणसांत त्यांना त्या दिवशी एकच चेहरा पाहायचा राहून गेला होता, आणि तो आता काही केल्या आठवत नव्हता. आठवत होतं ते फक्त बोटानं कणीक खरवडणं.

"त्याच रात्री पिला," बाबा म्हणाले. "मग थांबलाच नाही. मी निरोप धाडायला पाहिजे होता तुला. वाटलं, येशील आपणहून विचारायला. रागबी आला होता तुझा. म्हाताऱ्याचा राग लई वाईट, लेका. बसून राहतो नुसता. तेवढ्यात माणूस गेला."

बाबांचे डोळे भरले होते. बुवांनी आपल्या गुरूला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"आणि तरी तो म्हणाला, बुवांनीच उभं राहावं..."

"म्हणला."

बाबा उठले. खांबाला धरून त्यांनी माळ काढली आणि बुवांच्या ओंजळीत टाकली. मणी हलके होते. एके ठिकाणी दोरा तुटून गाठ मारलेली होती.

बुवा कितीतरी वेळ त्या गाठीवर अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी डोळे पुसले. पाठ ताठ झाली. आवाजाला कीर्तनातली धार आली.

"मी जाणार, बाबा. परवा जाणार. माळ त्याच्या तसबिरीला घालीन. आणि चार गावं गोळा करून सांगीन, लोकहो, माझं चुकलं! रखमाजी त्या दिवशी पिलेला नव्हता! तो निर्दोष होता! त्याच्या नावावरचा डाग मी माझ्या तोंडानं पुसतो, बाबा. तो पिलेला नव्हता!"

बुवा वहाणा घालायला वळले. दुपारची एसटी गाठायची होती.

"दामू..."

बाबांनी कैक वर्षांत त्यांना ह्या नावानं हाक मारली नव्हती. बुवा एक पाय वहाणेत घालून थांबले.

"अन् पिलेला असता, तर?"