खालच्या आळीचा विस्तव

फार पूर्वी, काडीपेटी अजून कुणी पाहिली नव्हती तेव्हा, एका गावात एक कुंभारीण राहत होती. स्वभावाने महासंशयी. लोक मडकं वाजवून घेतात, ही बाई माणसं वाजवून घ्यायची. शेजारची तेलीण तर तिच्या मनातून साफ उतरलेली, कारण ती बोलायची कमी आणि बघायची जास्त.

चकमक झाडून नवी आग काढणं त्या गावात अशुभ मानत. चूल विझली की शेजाऱ्याकडे खापर घेऊन जायचं आणि विस्तव मागायचा. भांडण कितीही असो, विस्तवाला कुणी नाही म्हणत नसे.

एका वर्षी खालच्या आळीने राजवाड्याच्या बांधकामावर वेठीला जायला नकार दिला. राजाने कुणाला मारलं नाही की झोडलं नाही. शिपायांनी आळीतल्या सगळ्या चुली विझवल्या आणि कायदा झाला, की या आळीला जो विस्तव देईल त्याला गावाबाहेर काढायचं. गावात आपले खबरे पेरले आहेत, असंही राजाच्या कारभाऱ्याने जाता जाता सांगितलं. कोण आणि किती, ते सांगितलं नाही.

तेवढ्याने गावाची वाचा बसली. पाणवठ्यावर बायका मुकाट्याने घागरी भरून परतू लागल्या. कुंभारणीला तर जो तो खबऱ्या दिसायला लागला, आणि तेलिणीबद्दल तिला शंकाच उरली नाही.

पण ऐन थंडीत खालच्या आळीत एक पोर बाळंत झाली. तिला शेकायला निखारा नव्हता. हे ऐकून कुंभारणीला घास गिळवेना. तिने खापरात निखारे घेतले, राखेने झाकले, पाटीत ठेवून वर मडकी रचली आणि विकायला निघाल्यासारखी आळीत गेली. मग रोजच जाऊ लागली.

धूर मात्र पाटीत झाकता येत नाही. आळीवर तो दिसताच कारभाऱ्याने लोहाराला धरलं. का, तर त्याचा भाता दिवसभर चालतो. लोहार नाही म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला बायकोसकट वेशीबाहेर काढायचं ठरलं.

कुंभार बायकोला समजावू लागला, की आपलं नाव निघालं नाही ना, मग चार दिवस थांब आणि पुन्हा गुपचूप दे.

"गुपचूप दिलं म्हणूनच त्याच्यावर आलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती उघडं खापर घेऊन चावडीसमोर आली. कुठे निघालीस, असं कारभाऱ्याने दरडावलं.

"खालच्या आळीत. इतके दिवस मीच नेत होते. लोहाराला सोडा. तुमचा कायदा मी पाळणार नाही, शिक्षा मात्र भोगीन. आधी एवढं पोचवून येते."

इतक्यात मागून तेलीण आली. आली साक्ष द्यायला, असं कुंभारणीच्या मनात आलं. पण तेलिणीच्याही हातात खापर होतं.

"आळीतली दोन घरं माझ्या विस्तवावर आहेत," तेलीण म्हणाली. "तुझ्या भीतीनं गोवऱ्यांखालून नेत होते, बाई. मला वाटायचं, खबरी तूच."

मग सुतार आला, गुरव आला, बघता बघता रांग लागली. शेवटी बांधलेला लोहार मान खाली घालून म्हणाला, "आता खोटं कशाला बोलू? एक घर माझंही आहे."

खबऱ्या मात्र कुणीच निघाला नाही, कारण कारभाऱ्याने तो कधी ठेवलाच नव्हता. गावच एकमेकांवर पाळत ठेवत होतं आणि त्याचं काम फुकटात होत होतं.

शिक्षा चुकली नाही. अख्खं गाव आपापला विस्तव घेऊन वेशीबाहेरच्या माळावर राहायला गेलं. थंडीत हाल झाले, पण परत फिरलं नाही. तिसऱ्या दिवशी कारभाऱ्याच्या वाड्यातली चूल विझली आणि विस्तव मागायला गावात एकही घर नव्हतं. त्याची बायको खापर घेऊन माळावर आली. कुंभारणीने ते निखाऱ्यांनी भरून दिलं. त्याच संध्याकाळी कायदा मागे घेतल्याची दवंडी पिटली गेली.

तात्पर्य: अन्यायाचा कायदा चोरून मोडला तर एखादी चूल पेटते, पण भीती तशीच राहते. तो चारचौघांत मोडून त्याची शिक्षा अंगावर घेणारा भेटला, की शेजारी आपलाच आहे हे कळतं.