दिवाणसाहेबांची दोन अक्षरं

एका संस्थानात बैलहोंगलकर नावाचे दिवाण होते. दरबारात भालदार लांबलचक नावं पुकारतो, याचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी हुकूम काढला, "नावाची पहिली दोन अक्षरं पुकारा, पुढचं छाटा!"

दुसऱ्या दिवशी आंबेगावकर वैद्यांचे 'आंबे' झाले. वृद्ध भातकुलीकरशास्त्री तर 'भात' ऐकून दारातूनच परत फिरले. दरबार हसला, पण भालदार येसबाच्या ते जिवाला लागलं.

इतक्यात दिवाण आले. येसबाने खणखणीत पुकारलं, "दिवाणसाहेब बैल येत आहेत!"

दिवाण कडाडले, "काय बरळतोस?"

येसबा लवून म्हणाला, "हुकूम आपलाच, सरकार. मर्जी असेल तर तिसरं अक्षर जोडतो, पण मग 'बैल हो!' असं ऐकू येईल."

महाराज पोट धरून हसले. शास्त्रीबुवांना मानाने परत बोलावलं गेलं. तेव्हापासून दरबारात प्रत्येकाचं नाव पूर्ण पुकारलं जाई, आणि दिवाणांचं सर्वांत सावकाश.